चुकल्यानंतरचा ठोका

माणसाचा हात हातात धरून तास-तासभर गप्प बसणारा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो काही प्रेमात वगैरे पडलेला नव्हता. कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यातले ते आमचे मोठे डॉक्टर. समोर बाकावर धोतरातला एक म्हातारा, त्याचं मनगट सरांच्या डाव्या हातात, सरांचे डोळे मिटलेले, तोंडात लवंग. बाहेर पेशंटची ही रांग. मी नवीकोरी एमबीबीएस, रुजू व्हायला आलेली, ऑर्डरचा कागद घेऊन दारात उभी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी मी खाकरले. सरांनी डोळे न उघडता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"थांबा. अजून चुकला न्हाई."

कोण चुकला नाही, मला कळेना. कंपाऊंडरमामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बसा बाई. ठोका चुकायची वाट बघून राहिले सायेब. लवकर चुकत न्हाई तो."

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. हिंगोली जिल्हा तेव्हा कागदावरही नव्हता, आम्ही सगळे परभणीचे. सर निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले, म्हणून बोलण्यात बराबर, तकलीफ, तबियत असलं फार. उंची बेताची, डोक्यावर केस नावाला, शर्टाच्या खिशाला कायम हिरव्या शाईचा डाग. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. हे अंड्याचं आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

सरांना एकच वेड होतं. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या काळजात मेलेलं किती आणि झोपलेलं किती.

"झटका आला म्हंजे काय झालं?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं. "काळजाचा एक तुकडा रक्तावाचून उपाशी पडला. आता त्यातला मेला किती, झोपला किती, सांग."

मी पुस्तकातलं घडाघडा सांगितलं. मेलेला स्नायू मेला, त्याचा व्रण होतो, तो पुन्हा कामाला येत नाही.

"ते मेलेल्याचं झालं. झोपलेल्याचं?"

झोपलेल्याचा धडा माझ्या पुस्तकात नव्हता. तसं मी सांगितलं, जरा ठसक्यातच.

"उन्हाळ्यात बांधावरची हराळी बघितली का कधी? वाळून काडी झालेली असती. लोक म्हंतात मेली. तिला पाणी दाऊन बघ एकदा."

आता हे ओळखायचं कसं? तर त्यासाठी ती नाडी धरून बसायची तऱ्हा. सर सांगायचे, बैल सरळ चालून राहिला तोवर त्याचं काही कळत नाही. त्याला ठेच लागू द्यावी आणि मग पुढचं पाऊल बघावं. काळजाचंही तसंच. मधेच एखादा ठोका चुकतो. चुकला की काळीज थोडं जास्त थांबतं, रक्त जास्त भरून घेतं आणि पुढचा ठोका जोरात येतो. स्नायू मेलेला असेल तर त्याला तो जोर येत नाही. झोपलेला असेल तर तेवढ्या एका ठोक्यापुरता जागा होतो. तो चुकल्यानंतरचा ठोका बोटाला लागला की सर डोळे उघडायचे आणि एकच शब्द बोलायचे. "हाये." किंवा "न्हाई." झालं सरांचं शास्त्र.

ठोका चुकता चुकत नसेल तर मामांना हाक जायची, "चहा ठेव. कडक!" तो चहा म्हणजे निव्वळ डांबर. दोन कप पोटात गेले की भल्याभल्यांचा ठोका चुकायचा. माझासुद्धा चुकला होता एकदा, पण तो नुसत्या वासानं. एकदा शाळेचे हेडमास्तर आले होते तपासायला. मोठा खमक्या माणूस, दोन कप पिऊनही त्यांचा ठोका चुकेना. पाऊण तासानं मी आत डोकावले तर हेडमास्तर भिंतीला टेकून घोरतायत, आणि त्यांचं मनगट हातात धरून सरही घोरतायत. मामा पंख्यानं दोघांवरच्या माश्या वारत होते.

"उठवू नका," मामा म्हणाले. "चुकला तर कळंल त्यांला."

आणि खरंच, थोड्या वेळानं सर खाडकन जागे होऊन म्हणाले, "हाये!" हेडमास्तर दचकून म्हणाले, "हजर!" मी बाहेर पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसले.

आता ते अंड्याचं. हा अंडं न खाणारा माणूस दर बाजाराच्या दिवशी खाटकाच्या दुकानापुढे जाऊन उभा राहायचा. खाटीक लांबूनच ओरडायचा, "आओ डॉक्टरसाब! दिल रखा है तुमारे वास्ते." सर बकऱ्याचं ते दिल स्टीलच्या डब्यात घालून, डब्याला रुमाल बांधून, सायकलला अडकवून भर बाजारातून घेऊन यायचे. गावात नाही नाही ते बोललं जायचं. कुणी म्हणायचं सायेब करणी करतात, कुणी म्हणायचं चोरून खातात. सरांना सगळं ठाऊक होतं. "खातो म्हणू दे की," म्हणायचे. "माझं काय जातंय?"

दुपारी दवाखान्यामागच्या लिंबाखाली पाटावर बसून, ताटलीत ते दिल ठेवून, ते त्याच्या काकडीसारख्या आडव्या चकत्या करायचे. मला बोलवायचे.

"बघ. मधी पोकळी, भवताली भिंत. कड्यावानी. माणसाचं बी असंच. या भिंतीत जिथं पांढरं दिसंल तो व्रण. बाकी लाल ते जितं."

"सर, बकरं तरणंताठं असतं," मी म्हणायची. "त्याला कुठून येतोय झटका? ना सासुरवास, ना सरकारी नोकरी."

सर हसायचे, पण पुढच्या बाजाराला पुन्हा डबा घेऊन हजर. चकत्या शेवटी दवाखान्यातल्या मोत्या कुत्र्याला जायच्या. तो मोत्या इतका माजला होता की बिडीओ आला तरी उठायचा नाही.

एकदा त्या चकत्या बघता बघता ते गंभीर झाले. म्हणाले, "माणसाचं एक तरी बघायला मिळावं मला. ज्याचा हात धरून मी 'हाये' म्हणलो, त्याचं. खरंच होतं का नव्हतं, येवढंच बघायचं." दवाखान्यात पोस्टमार्टेम व्हायची, पण ती विष घेतलेल्यांची, विहिरीत पडलेल्यांची. ज्याची नाडी सरांनी आधी पाहिली, असा माणूस उघडायला त्यांना कधी मिळाला नाही. घरच्या मौतीत कोण देणार? "जित्या माणसाच्या अशा चकत्या न कापता दिसल्या पायजेत," ते म्हणाले. "कोणीतरी काढीन तसलं यंत्र. मी नसंन तवा."

मी मनात म्हटलं, म्हातारा खुळा आहे. चांगला आहे, पण खुळा आहे.

आता माझ्या बापाचं सांगते. इतका वेळ टाळत होते.

आम्ही हट्टा गावचे. बौद्ध वस्तीत घर. बा रेल्वेत गँगमन, खांद्यावर हातोडा टाकून लायनीवरून मैलोन् मैल चालायचं काम. चालणं हीच त्या माणसाची तबियत. मला शाळेत घालायला ते चालत गेले, माझा निकाल ऐकायला चालत आले. वस्तीतली मी पहिली डॉक्टरीण. बा कुणालाही सांगताना "माझी पोरगी" म्हणायचे नाहीत, "आमच्या डॉक्टरीणबाई" म्हणायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी लायनीवरच बा छाती धरून बसले. सोबतच्यांनी ट्रॉलीवरून आणलं, पुढे शहरात नेलं. तिथं माझेच प्राध्यापक. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अर्धं हृदय मेलंय. घरी घेऊन जा. अंथरूण सोडू देऊ नकोस." मी बा आणि माय दोघांना घेऊन कळमनुरीला आले. दवाखान्यामागच्या माझ्या क्वार्टरच्या ओसरीत खाट टाकली आणि बांना सांगितलं, उठायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी सर आले. त्यांचं स्वतःचं ईसीजीचं मशीन होतं, हैदराबादहून आणलेलं जुनं. लाइट गेली की ते बॅटरीवर चालवायचे. गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवरून ते मशीन ओसरीत आलं. पट्टी निघाली. ती शहरातल्यासारखीच वाईट होती. मी म्हटलं, "बघा." सरांनी पट्टीची घडी करून खिशात घातली आणि बांच्या खाटेवर बसून त्यांचं मनगट हातात घेतलं.

"सायेब, तुमी काहून तकलीफ घेता," बा म्हणाले.

"गप पडा."

अर्धा तास झाला. मामांनी चहा आणला. बा दोन कप प्यायले, मला चोरून डोळा घातला. मग एकदम सरांच्या कपाळावरची आठी गेली. डोळे उघडून ते माझ्याकडे बघून हसले, लहान लेकराला पतंग सापडावा तसे.

"हाये! पोरी, हाये! ये, इथं बोट ठेव. आता पुन्यांदा चुकंल."

मी बसले. बोट ठेवलं. बांची नाडी मंद, बारीक, दमलेली. टक, टक, टक. मग एक ठोका आलाच नाही. क्षणभर काहीच नाही. आणि मग बोटाखाली असा एक ठोका आला की माझं बोट उचललं गेलं. आतून कुणी धडक मारावी तसा.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. "लागला?"

"नाही," मी म्हणाले. "मला काही विशेष वाटलं नाही."

हे मी आज पहिल्यांदा लिहून राहिले. लागला होता मला. चांगला लागला होता. पण मी तो कबूल केला असता तर पुढचं सगळं कबूल करावं लागलं असतं. माझे प्राध्यापक चुकले, माझं पुस्तक चुकलं आणि लवंग चघळणाऱ्या एका म्हाताऱ्याचं बोट बरोबर. मी वस्तीतली पहिली डॉक्टरीण. बोटावर भरवसा ठेवून बाप मारला, असं कुणी म्हटलं असतं तर? मला भीती वाटली. आणि भीतीहून जास्त, खोटं कशाला बोलू, गर्व होता.

पण सरांनी हार मानली नाही. हिरव्या शाईनं मुंबईच्या एका सर्जनला इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं. तेव्हा पायातली शीर काढून काळजाला जोडायचं ऑपरेशन नवं निघालं होतं. महिन्याभरानं उत्तर आलं: स्नायू जिवंत असल्याची तुमची खात्री असेल तर घेऊन या, बघतो. रेल्वेचा पास होता, सोबत यायला सर स्वतः तयार होते, रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.

"बाई, सायेब म्हंत्यात तर जाऊ की," बा म्हणाले. "पडून राहून मी काय करू? मला एकदा लायनीवर जाऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"नाही," मी म्हणाले. "मेलेल्याला जोडून काय करायचं? तिथंच टेबलावर जाल."

सरांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "मॅडम, तुमच्या हाताला ठोका लागला होता!"

"नव्हता लागला."

त्यांनी चष्मा पुसला आणि निघून गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि माझ्याशी वागण्यात तसूभर फरक केला नाही. रोज संध्याकाळी येऊन बांशी गप्पा मारायचे. पण मनगटाला हात लावायचे नाहीत.

बा दीड वर्ष त्या खाटेवर होते. मैलोन् मैल चालणारा माणूस न्हाणीपर्यंत जाताना दोनदा टेकायचा. भिंतीवर घड्याळ होतं, त्यात बघून म्हणायचे, "आता गाडी पूर्णेहून सुटली असंल." मग तासानं, "आता वसमत गेलं असंल." कळमनुरीला ना रूळ ना गाडी, पण बांची गाडी रोज वेळेवर असायची. मी औषधं द्यायची, पाय दाबायची, आणि ते खाटेवरून उठले की ओरडायची. ओरडायची फार. ते कधीच उलटून बोलले नाहीत, त्याचा मला आजही राग येतो.

एका दुपारी मी चहा ठेवत होते. बा ओसरीतून म्हणाले, "आता हिंगोलीत शिरली असंल." मी आतूनच म्हटलं, "असेल." चहा घेऊन बाहेर आले तर संपलं होतं.

मायचा हंबरडा ऐकून सर दवाखान्यातून धावत आले, स्टेथोस्कोप गळ्यात तसाच. मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं.

"सर, तुम्हाला बघायचं होतं ना एक? ज्याचं 'हाये' म्हणालात त्याचं? बघा. मी सही देते, मायला मी समजावते. पण उघडून बघा आणि मला सांगा. मला कळल्याशिवाय मी जगू शकणार नाही."

सरांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच. पन्नास पावलांवर पोस्टमार्टेमची खोली, खोलीत हत्यारं, घरच्यांची परवानगी. सर बांच्या खाटेवर जाऊन बसले आणि ते मनगट डाव्या हातात घेतलं. डोळे मिटले. मायसुद्धा रडायची थांबून बघत राहिली. किती वेळ बसले कोण जाणे. मग हात हळूच खाली ठेवला.

"न्हाई," म्हणाले.

"काय नाही?"

"उघडायची गरज न्हाई. पहिल्या दिवसापासून मेलेलंच होतं ते. माझं बोट चुकलं, पोरी. तुला न्हवता ना लागला ठोका त्या दिवशी? तुझंच बराबर होतं. मुंबईला नेलं असतं तर टेबलावरच गेला असता. तू ठेवलास म्हणून दीड वरीस जगला."

तेव्हा मी रडले. हमसून हमसून रडले, आणि त्या रडण्यात सुटका होती. एवढा मोठा माणूस स्वतःच्या तोंडानं चुकलो म्हणाला! माझा बाप माझ्या हातानं मेला नव्हता. बांना आम्ही हट्ट्याला नेलं. त्रिसरण म्हणताना सर चपला काढून आमच्या माणसांत मातीत बसले होते, आणि खांदा द्यायलाही पुढे आले.

त्यानंतर सर बदलले. मनगट धरून बसणं बंद. बाजाराच्या दिवशी सायकल बाहेर निघेना. खाटकानं तीन-चार बाजार वाट बघितली, मग दवाखान्यात येऊन मलाच विचारलं, "डॉक्टरसाब नाराज है क्या? दिल रखता हूँ, आतेच नहीं." मोत्या वाळला. नरसीहून एक माणूस बापाला गाडीत घालून मुद्दाम घेऊन आला, "सायेब, हात धरून बघा, तुमच्या बोटाचं लई ऐकलंय." सर पलीकडच्या खोलीत मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ते बंद केलं. खूळ होतं माझं. तसलं काय कळत नसतं."

आणि मला, देवाशपथ म्हणायची पद्धत आमच्यात नाही, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हाताऱ्याला शहाणपण आलं, असं वाटलं.

वर्षभरानं माझी बदली झाली. सर एसटी स्टँडवर पोचवायला आले. मी वाकले तर त्यांनी उठवायला माझा हात धरला, बोटं आपसूक मनगटावर गेली, आणि चटका बसावा तसा त्यांनी हात काढून घेतला. मला वाटलं, लाजले.

पुढे मी बाळंतपणांतच आयुष्य काढलं. काळजाशी माझा संबंध उरला नाही. काही वर्षांनी सर गेल्याचं मामांचं कार्ड आलं. मी मात्र चार डॉक्टर जमले की त्यांचा किस्सा सांगायची. दिलाचा डबा, डांबरी चहा, "हजर" म्हणणारे हेडमास्तर. लोक पोट धरून हसायचे. शेवट ठरलेला असायचा: "बरं का, शेवटी त्यांनी स्वतःच कबूल केलं, सगळं खूळ होतं म्हणून."

गेल्या वर्षी मला झटका आला. वय झालंच आहे. पट्टी वाईट आली, बांसारखीच. माझ्या मुलीनं मला एमआरआयला नेलं. हातातून कसलं तरी औषध सोडलं, बोगद्यात सरकवलं. गिरणी चालावी तसा आवाज, आणि मधून मधून हुकूम: श्वास घ्या, सोडा, थांबा. बाहेर आल्यावर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात, बघायचंय?" आणि त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर चकत्या होत्या.

एकाखाली एक, कड्यांसारख्या. मधे पोकळी, भोवती भिंत. लिंबाखालच्या ताटलीतल्या त्याच चकत्या, फक्त ह्या माझ्या होत्या आणि कुणी कापल्या नव्हत्या. तो पोरगा बोटानं दाखवत होता, "हे पांढरं दिसतं ते मेलेलं. हे काळं ते जिवंत. बघा, आतल्या कडेला पातळ पांढरी रेघ आहे फक्त, भिंतीच्या पावभागसुद्धा नाही. बाकी सगळं जिवंत आहे. रक्त कमी पडतंय म्हणून हलत नाही, एवढंच. झोपलंय म्हणा ना. बायपास केली तर बरंचसं जागं होईल."

"पण पट्टीत मेलेलं दिसलं होतं," मी म्हणाले.

"पट्टीवरून सगळं कळत नाही, मॅडम. पूर्वी अशांना मेलेलं समजून घरी पाठवायचे."

मी विचारलंच. "एखादा ठोका चुकला आणि पुढचा जोरात आला, तर?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "तुम्हाला कसं माहीत? जुन्या पुस्तकांत आहे ते. झोपलेला स्नायू त्या एका ठोक्याला हलतो. जिवंत असल्याची खूण मानायचे. आता कोण एवढा वेळ बसतंय?"

मुलीला वाटलं, मी माझ्या आजारानं रडतेय. मी ऑपरेशनला तिथंच हो म्हणाले. ती "विचार करू, दुसऱ्या कुणाला विचारू" म्हणत होती, तिला मी गप्प बसवलं. घरातलं एक "नाही" पुष्कळ झालं होतं.

ऑपरेशननंतर चालायला लागले तशी माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. मेलेल्या माणसाच्या मनगटावरून सरांना काय कळणार होतं? तिथं ना ठोका होता ना चुकलेला ठोका. हे तर कंपाऊंडरलाही कळलं असतं; मी तर डॉक्टर होते. मग ते काय ऐकत बसले होते डोळे मिटून? का शब्द जुळवत होते? पण लगेच वाटायचं, कशावरून? मनापासूनच पटलं असेल त्यांना, म्हणून तर सगळं सोडलं. माणूस चुकतो. कोण सांगणार आता?

मामा आहेत अजून. नव्वदीला टेकले, कानांनी कमी, पण डोकं लख्ख. तीन महिन्यांपूर्वी मी मुलीला घेऊन कळमनुरीला गेले. मामा अंगणात बाजेवर बसलेले. "जय भीम, डॉक्टरीणबाई," म्हणाले. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "मामा, सरांनी ते नाडीचं वेड सोडलं, ते शेवटपर्यंत सोडलंच का हो?"

"आँ?"

मी कानाशी जाऊन पुन्हा विचारलं. मामा हसले. दात नव्हते, हसू तेच होतं.

"कशाचं सोडतेत! तुमी होत्या तवर वरीसभर एकाचाबी हात धरला न्हाई, ते खरं. खाटकाकडं बी गेले न्हाई. मी म्हणलं, सायेब, काहून? तर म्हणले, पोरगी हाये तवर न्हाई. मला काय कळलं न्हाई बघा ते." मामांनी बाजेवरचा हात उचलून स्टँडकडे दाखवला. "तुमची येष्टी गेली अन् सायेब स्टँडवरून तसेच पायी दवाखान्यात आले. तो नरसीवाला म्हातारा आठवतो का? त्याच्याकडं माणूस धाडला, घेऊन ये म्हणले. मग खुर्चीत बसले. मला म्हणले, गेली का रे गाडी? म्हणलं, गेली. नक्की? म्हणलं, वळणाच्या पुढं गेली, सायेब. मग लवंग तोंडात टाकली अन् म्हणले, चहा ठेव. कडक."